आउटबोर्ड बंद पडलं? कार्बोरेटर खोलण्याआधी बल्ब दाबून बघा

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, आचके द्यायला लागलं की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. पेट्रोलच्या वाटेवर कार्बोरेटर येतो जवळजवळ शेवटी. त्याच्याआधी टाकी, झाकणाचा व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट), टाकीतली उचलनळी, कनेक्टर, होज, हाताने दाबायचा बल्ब, फिल्टर आणि फ्युएल पंप अशी सगळी रांग असते, आणि दोष बहुतेक वेळा या रांगेतच निघतो. कार्बोरेटर खोलला की दोन तास जातात, गॅस्केट फाटतं, एखादी बारीक स्प्रिंग बोटीच्या तळाशी गायब होते. एवढं करून इंजिन पुन्हा तसंच बंद पडतं, कारण टाकीचा व्हेंट अजूनही बंदच असतो.

म्हणून तपास टाकीकडून इंजिनाकडे करत जायचा.

त्याआधी दोष पेट्रोलचाच आहे ना, हे ठरवायला हवं. स्पार्क गेला तर इंजिन सहसा स्विच बंद केल्यासारखं एकदम थांबतं. पेट्रोल कमी पडलं तर ते हळूहळू मरतं: ताकद उतरते, आचके बसतात, क्षणभर सावरतं, पुन्हा गळतं. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण सुरुवातीला दिशा दाखवतो. किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी जागेवर आहे का हे पाहायला एक सेकंद लागतो, तो द्यावा. मग प्लग काढा. बराच वेळ स्टार्टर मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. चिंब ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी पडत नाही.

आणखी एक चटकन होणारी परीक्षा आहे. प्लगच्या भोकातून पाव चमचा पेट्रोल सिलिंडरमध्ये सोडा, प्लग घट्ट बसवा आणि स्टार्टर मारा. टू-स्ट्रोक असेल तर साधं पेट्रोल न घालता ऑइल मिसळलेलंच घाला. इंजिन दोन-तीन सेकंद पेटून पुन्हा मेलं तर ठिणगी ठीक आहे, कॉम्प्रेशनही कामापुरतं आहे, फक्त पेट्रोल येत नाही. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या आणि वाफ उडून जाऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते, आणि वास आला नाही म्हणजे वाफ नाही असं समजू नये.

बल्ब काय सांगतो

होजमधला रबरी बल्ब फक्त सुरुवातीला पेट्रोल भरण्यासाठी आहे असं अनेकांना वाटतं. खरं म्हणजे पूर्ण फ्युएल लाइनची नाडी इथे हाताला लागते. बल्बच्या दोन्ही टोकांना एकेक चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असतो. दाबला की पेट्रोल इंजिनाकडे ढकललं जातं, सोडला की टाकीतून ओढलं जातं. बल्बवरचा बाण इंजिनाकडेच हवा. नवीन बल्ब उलटा बसवून मग पंपाला दोष देणारे कमी नाहीत. दाबताना बल्ब उभा धरा, इंजिनाकडचं टोक वर. व्हॉल्व्ह त्या स्थितीत नीट बसतात, आडव्या बल्बमध्ये काही वेळा नुसती हवाच मागेपुढे होत राहते.

होज रिकामी असेल तर लांबीप्रमाणे दहा-पंधरा दाबांत बल्ब टणक व्हायला हवा. टणक झाला म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरली, फ्लोट (वाटीतला तरंगता भाग) वर आला आणि त्याने ढकललेल्या निडलने (सुईने) पेट्रोलची वाट बंद केली. पुढचं निदान या टणकपणावर अवलंबून आहे.

कितीही दाबला तरी बल्ब मऊच राहतो आणि पेट्रोलचा वासही कुठे नाही, तर टाकी ते बल्ब या टप्प्यात कुठेतरी हवा शिरतेय, किंवा बल्बचा व्हॉल्व्ह गेलाय, किंवा टाकीत पेट्रोल उचलनळीच्या खाली गेलंय. बल्ब मऊ आणि वास भरपूर, तर पेट्रोल कुठेतरी बाहेर पडतंय. बहुतेक वेळा निडलखाली कचरा अडकून कार्बोरेटर ओसंडत असतो. बल्ब दोन-चार दाबांतच दगडासारखा होतो आणि तरीही इंजिन उपाशी, तर अडथळा बल्बच्या पुढे आहे: होजला मोड आलाय, इंजिनाकडचं कनेक्टर आतून उघडत नाहीये, फिल्टर चोंदलाय किंवा निडल बंद अवस्थेत चिकटलीय.

आता इंजिन चालू असतानाची गोष्ट. चालू इंजिनावर बल्ब थोडा मऊ पडणं अगदी नेहमीचं आहे, कारण पंप त्यातून ओढत असतो. तो मऊ पण गोल असावा. तो चपटा होऊन आत ओढला गेला तर अडथळा बल्बच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. इतकं स्वच्छ उत्तर दुसरी कुठलीच परीक्षा देत नाही.

बल्बवरच संशय असेल तर तो सोडवून, रिकामा करून हातातच तपासता येतो. टाकीकडचं तोंड उघडं ठेवून इंजिनाकडचं अंगठ्याने बंद करा आणि दाबा: बल्ब दबता कामा नये. दबला तर टाकीकडचा व्हॉल्व्ह गळतोय. मग उलट करा. बल्ब दाबून चपटा करा, टाकीकडचं तोंड बंद करा आणि बल्ब सोडा: तो चपटाच राहायला हवा. फुगून आला तर इंजिनाकडचा व्हॉल्व्ह गेला, किंवा बल्बलाच बारीक चीर आहे. तोंडाने फुंकून बघण्याची सवय काहींना असते, ती सोडा. बल्ब कडक होऊन त्यावर बारीक तडे दिसत असतील तर परीक्षाही नको, बदलून टाका.

व्हेंट, आणि न गळणारी गळती

इंजिन छान सुरू होतं, पाच-दहा मिनिटं मस्त पळतं आणि मग गुदमरून बंद पडतं. थोडं थांबून पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच. अशा वेळी आधी टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' करून हवा आत गेली तर निदान झालं: व्हेंट बंद होता. पेट्रोल जसं कमी होत जातं तशी त्या जागी हवा यायला हवी, नाही आली तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाची ओढ त्याच्यापुढे हरते. प्लास्टिकची टाकी अशा वेळी आत दबलेली डोळ्यांनाही दिसते.

सुट्या टाकीच्या झाकणावर व्हेंटचा छोटा स्क्रू असतो. चालवताना उघडा, वाहतुकीत बंद. काही नव्या टाक्यांना स्क्रू नसतो, झाकणातच आपोआप चालणारा व्हॉल्व्ह असतो. हवा आत घ्यायला तो लगेच उघडतो, पण बाहेर सोडायला साधारण ५ पीएसआय दाब होईपर्यंत थांबतो. उन्हात ठेवलेली अशी टाकी फुगते, आणि होज जोडलेली असेल तर तो दाब पेट्रोलला थेट निडलपर्यंत ढकलतो. दाब निडलला झेपला नाही की कार्बोरेटर ओसंडतो आणि इंजिन ओव्हर होतं. म्हणून बोट उभी असताना होज टाकीपासून सोडवून ठेवायची, आणि पुन्हा जोडण्याआधी झाकण हळूच सैल करून दाब सोडायचा.

बोटीत कायमची बसवलेली टाकी असेल तर व्हेंट बाहेर बाजूच्या भिंतीवर असतो आणि त्याच्या जाळीत किडे चिखलाची घरं करतात. व्हेंटच्या नळीला मध्येच झोळ असेल तर त्यात पेट्रोल साचून वाट बंद होते. टाकी भरताना नोझल सारखं उलटं उसळत असेल तर ती खूण याचीच.

आता हवेच्या गळतीकडे. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढीवर चालते. इथे बारीक भोक असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते, जसं तडा गेलेल्या स्ट्रॉने सरबत ओढताना तोंडात नुसते बुडबुडे येतात. म्हणून 'कुठेच गळत नाही' या पुराव्याला या बाजूला काही किंमत नाही. कमी वेगात इंजिन ही हवा पचवतं, मागणी वाढली की आचके द्यायला लागतं.

हवा कुठून शिरते? पहिला संशय कनेक्टरच्या ओ-रिंगवर. हे रबर पेट्रोलमुळे फुगतं, उन्हाने चिरतं, आणि वारंवार काढघाल केल्याने त्याचा काठ कापला जातो. नखाने अलगद उचकटून पाहा. चपटी झालेली किंवा काठ तुटलेली ओ-रिंग बदला, नवी बसवताना तिला ऑइलचं बोट लावा. दुसरा संशय क्लॅम्पवर. प्लास्टिकची पट्टी बांधून भागवलेली जोडणी दाबाला टिकेलही, पण ओढीला हमखास हवा घेते. स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प लावा, होजला खाच पडेल इतके आवळू नका. तिसरा संशय फिल्टरच्या वाटीच्या सीलवर. चौथा, टाकीतल्या उचलनळीला वरच्या बाजूने गेलेल्या तड्यावर. हा चौथा फार छळतो: टाकी भरलेली असताना तडा पेट्रोलखाली असतो आणि सगळं ठीक चालतं, टाकी अर्धी झाली की तडा उघडा पडतो आणि हवा येते. 'अर्ध्या टाकीनंतर नेहमी त्रास देतं' असं कोणी म्हणालं की उचलनळी बाहेर काढून पाहावी.

खात्री करायची असेल तर पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक फ्युएल होज तात्पुरती जोडा आणि इंजिन चालवा. सुरुवातीला काही बुडबुडे जातील, ते सोडा. नंतरही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर हवा येतेय. मग ती पारदर्शक होज टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे सरकवत जा. बुडबुडे ज्या जोडामागे दिसेनासे होतील, तो जोड दोषी. याच जागी व्हॅक्यूम गेजही लावता येतो. फुल थ्रॉटलला किती व्हॅक्यूम चालतो ते इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. पाऱ्याच्या २ ते ४ इंचांपलीकडे काटा गेला तर पंपाला फार ओढावं लागतंय, म्हणजे कुठेतरी वाट अरुंद झालीय.

वाट अरुंद होण्याचं एक फसवं कारण म्हणजे होजचं आतलं अस्तर. बाहेरून होज नवीकोरी दिसते, आत अस्तर सुटून लोंबत असतं. पंपाने ओढलं की ते पडद्यासारखं बंद होतं, इंजिन थांबलं की पुन्हा उघडतं. होज कापून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. एथेनॉल चालेल असं छापलेली मरीन फ्युएल होजच वापरा, आणि आतला व्यास इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे घ्या. लहान इंजिनांना ६ मिलिमीटर पुरतं, मोठ्यांना ८ किंवा १० लागतं. मोठ्या इंजिनाला बारीक होज लावून मग टॉप स्पीड मिळत नाही म्हणून पंख्याची पिच बदलत बसण्यात अर्थ नाही.

कायमच्या टाकीच्या तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो: एक गोळी आणि एक स्प्रिंग. होज तुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बोटीत वाहू नये म्हणून तो असतो. गंजला की अर्धवटच उघडतो. काढून साफ करा किंवा नवा घाला. तो काढून फेकून साधं निपल बसवणारे मेकॅनिक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

एवढी सगळी शोधाशोध करण्याआधी एक सोपी चाल आहे. सुटी टाकी, ताजं पेट्रोल, चांगली होज आणि चांगला बल्ब असा संच थेट इंजिनाला जोडून चालवून बघा. त्रास गेला तर दोष बोटीच्या टाकी-होजमध्ये. राहिला तर दोष इंजिनाच्या कव्हरखाली. अर्धा तपास इथेच संपतो.

पाणी

टाकीच्या तळातून अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. थोडंच असेल तर तळाला घरंगळणारे मणी दिसतात. बरणी तिरकी केली की ते एकत्र येतात.

टाकीतलं पाणी दमट हवेतून येतं असं सर्रास सांगितलं जातं. हवेतून येणारं पाणी थोडं असतं. वाटीभर पाणी निघालं तर झाकणाची कडक झालेली रिंग, डेकवरचं फिलर किंवा लाट आत घेणारा व्हेंट तपासा.

पेट्रोलमध्ये एथेनॉल असेल तर खेळ बदलतो. एथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. १० टक्के एथेनॉल असलेलं पेट्रोल १५ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत सव्वाशे मिलिलिटर. तापमान उतरलं की ही क्षमताही उतरते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि एथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. उचलनळीचं तोंडही तळाशीच, त्यामुळे इंजिनाला आधी हाच थर मिळतो. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घटलेला असतो. बाटलीतलं कुठलंही औषध घालून हे पुन्हा एकजीव होत नाही. टाकी पूर्ण रिकामी करणं हाच उपाय. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच एथेनॉल चालतं असं सांगतात. मॅन्युअलमध्ये आपल्या मॉडेलचा आकडा पाहून घ्या.

पाणी वेगळं करणारा स्पिन-ऑन फिल्टर बसवला नसेल तर बसवाच. १० मायक्रॉनचा, दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचा. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला ऑइल लावायचं, हातानेच आवळायचं, पाना लावायचा नाही, आणि मग बल्ब दाबून भरून घ्यायचा. जुना फिल्टर बरणीत ओतून पाहिल्याशिवाय टाकू नये. आत काळे कण असतील तर होज आतून सुटतेय, तांबूस असतील तर कुठेतरी गंज आहे.

पंप

इंजिन मरायला लागलं की एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने बल्ब दाबत राहायचं. इंजिन सावरलं तर पंप अशक्त आहे किंवा त्याच्या मागे हवा अथवा अडथळा आहे. मागची बाजू वरच्या परीक्षांत पास झाली असेल तर उरतो तो पंपच. बल्ब दाबून काहीच फरक पडला नाही तर पंपाच्या पुढे जा.

जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमध्ये पंपाचा डायफ्रॅम (लवचीक पडदा) क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो. डायफ्रॅमला टाचणीएवढं भोक पडलं की पेट्रोल त्या ठोक्याच्या वाटेने क्रँककेसमध्ये जातं, आणि त्या एकाच सिलिंडरचा प्लग काळा, ओला निघतो. बाकीचे प्लग ठीक आणि एकच सतत ओला, तर प्लग बदलत बसण्यापेक्षा पंप खोला. फोर-स्ट्रोकच्या मेकॅनिकल पंपात डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसते आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. हे दिसलं तर इंजिन सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही. पंपाचा किट बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच स्टार्टर.

आता कार्बोरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कार्बोरेटरकडे वळायला हरकत नाही. तरी खोलण्याआधी चोक वापरा. इंजिन आचके देत असताना चोक अर्धा ओढला आणि ते सुधारलं, तर मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग) चोंदलंय. चोकने आणखी बिघडलं तर पेट्रोल आधीच जास्त होतंय.

कोणतं जेट, तेही लक्षणावरून कळतं. स्लो रनिंगला बंद पडतं, रेस दिली की पळतं: आयडल जेट. त्याचं भोक सगळ्यांत बारीक, म्हणून पहिला बळी त्याचाच. स्लो छान, पण थ्रॉटल उघडला की दम तोडतं: मेन जेट.

वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल आधी बरणीत घ्या. पाणी, गंज, हिरवट-पिवळा चिकट साका, जे असेल ते इथेच दिसतं. कधी कधी ड्रेन करून ताजं पेट्रोल भरल्यावरच काम होतं आणि खोलायची वेळ येत नाही.

खोलायचाच असेल तर मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत नेऊन किती फेरे बसतात ते लिहून ठेवा. बुडाशी टेकला की थांबा. आवळलात तर टोकाला कड पडते आणि स्लो रनिंग कायमचं बिघडतं. जेट काढून उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. चंद्रकोरीसारखं दिसत असेल तर कडेला साका आहे. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेने उडवा. अडलंच तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार किंवा नायलॉनचा धागा घाला. स्टीलची तार आणि टाचणी वर्ज्य, कारण जेटचं पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बदलतं. एमल्शन ट्यूबच्या (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या नळीच्या) बाजूची बारीक छिद्रंही विसरू नका, आणि कार्बोरेटरच्या बॉडीतल्या आयडलच्या वाटा तर मुळीच नाही. एका भोकातून क्लीनर मारला की तो दुसरीकडून बाहेर आला पाहिजे. रबर आणि प्लास्टिकचे भाग क्लीनरमध्ये टाकू नका.

निडलच्या टोकावर नख फिरवा. रिंगसारखी खाच लागली तर निडल बदला. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय. फ्लोटची उंची मॅन्युअलच्या मापाने लावा. ओसंडणाऱ्या कार्बोरेटरसाठी तात्पुरता उपाय म्हणजे वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करणं. निडलखालचा कण कधी कधी सुटतो.

दोन-तीन कार्बोरेटरचं इंजिन असेल तर एक साफ करून थांबू नका. एका जेटला आलेला साका बाकीच्यांनाही आलेला असतो. टू-स्ट्रोकमध्ये तर हा जिवाचा प्रश्न आहे: ऑइल पेट्रोलमधूनच जात असेल तर पातळ मिश्रणाचा अर्थ कमी ऑइल. एक सिलिंडर उपाशी ठेवून फुल थ्रॉटलला पळवलेलं इंजिन पिस्टन जाम करून घेतं. 'जरा आचके देतंय, पण चालतंय' म्हणून तसंच दामटू नये.

ऑइलच्या प्रमाणाचंही इथेच सांगतो. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, २५ लिटरला अर्धा लिटर. १००:१ असेल तर याच्या निम्मं. नवीन इंजिनाच्या रनिंग-इनमध्ये मॅन्युअलप्रमाणे प्रमाण वाढतं, पुष्कळदा २५:१, म्हणजे लिटरला ४०. टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच ऑइल घ्या, मोटरसायकलचं नको. आधी थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल ढवळून घ्या, मग उरलेलं पेट्रोल ओता. नुसतं ओतलं तर ते तळाशी बसतं.

फ्युएल इंजेक्शन आणि रॉकेल

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनातही टाकीपासून लो-प्रेशर पंपापर्यंतची गोष्ट तीच आहे, वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तिथेही चालतात. पुढे व्हेपर सेपरेटर टँक (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी छोटी टाकी), हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर येतात. चावी फिरवल्यावर काही सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज आणि बॅटरी आधी. गरम इंजिन बंद करून वीस मिनिटं उभं ठेवलं आणि मग सुरू होऊन मरायला लागलं, तर व्हेपर लॉकचा (उष्णतेने लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन वाट अडण्याचा) संशय घ्या: कव्हर उघडून थंड होऊ द्या, बल्ब टणक करा. हाय-प्रेशरची लाइन इंजिन गरम असताना खोलू नका. दाब सोडताना टेस्ट व्हॉल्व्हवर फडकं धरा. ज्याच्याकडे गेज आणि मॅन्युअल नाही त्याने या टप्प्याच्या पुढे जाऊ नये हे बरं.

रॉकेलवर चालणारी इंजिनं पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर रॉकेलवर घेतात. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणून थोडं चालवावं लागतं, नाहीतर वाटीत रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिन काही केल्या पेटत नाही. असं झालं तर वाटी ड्रेन करा आणि बल्बने पेट्रोल भरून घ्या. दोर ओढून खांदा निखळवू नका.

ठेवताना आणि तपासताना

महिन्याभरापेक्षा जास्त बोट उभी राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध) घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. शिळ्या पेट्रोलमध्ये तो घालून उपयोग नाही. कार्बोरेटरच्या इंजिनात नंतर वाटी स्क्रू उघडून रिकामी करा. होज काढून इंजिन आपोआप बंद पडू देण्याने वाटीत थोडं उरतंच, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल उडून ऑइलचा चिकट थर तेवढा मागे राहतो. इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र कोरडं चालवू नका, हाय-प्रेशर पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं.

समुद्रात बंद पडलात तर आधी नांगर, मग तपास. किल स्विच, टाकीची पातळी, व्हेंट, होज कुणाच्या पायाखाली किंवा टाकीखाली चेंगरलीय का, कनेक्टर 'टक्' करून बसलंय का, बल्ब. याला दोन मिनिटं पुरतात. बोटीवर एक जादा बल्ब-होज संच, दोन्ही टोकांचे कनेक्टर, ओ-रिंगा, चार क्लॅम्प, एक फिल्टर, प्लग आणि प्लगपाना ठेवा. कनेक्टर कंपनीनुसार वेगळे असतात, शेजारच्या बोटीचं तुमच्या इंजिनाला बसेलच असं नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी किनाऱ्यावर पाण्याचे मफ (इंजिनाला नळाचं पाणी देणारे रबरी कप) लावून करून समाधान मानू नका. बिनभाराच्या इंजिनाला पेट्रोल इतकं कमी लागतं की अर्धा चोंदलेला फिल्टर आणि अशक्त पंपही त्याला पुरे पडतो. बोट पाण्यात घ्या, गिअर टाका आणि फुल थ्रॉटलला दहा मिनिटं सरळ पळवा, एकाचा हात बल्बवर ठेवून.